बू लासमींचे रातकिडे

रेत्नोची बदली समुद्रापलीकडे बालिकपापानला झाली. बँकेने दिलेल्या खोलीत पाळीव प्राणी चालणार नव्हते, म्हणून तिने आपला सरडा आईकडे आणून ठेवला. आई म्हणजे आमच्या बू लासमी, म्हणजे लासमीबाई. सोलो शहरात आमच्या गल्लीत लग्नकार्याच्या खाऊची खोकी भरून देणाऱ्या दोन बायका आहेत, त्यांतल्या एक. मी त्यांच्याकडे केळीची पानं पुसायला आणि लेंपर, म्हणजे पानात गुंडाळलेल्या चिकट भाताच्या वळकट्या, वळायला जाते. त्यामुळे जे झालं ते बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

सरडा शेपटीसकट हातभर. हनुवटीखाली काट्यांची दाढी, राग आला की ती काळी व्हायची. त्याचं नाव बीमो, म्हणजे पांडवांतला भीम, आणि ते शरीरावरून नव्हे, खाण्यावरून ठेवलं होतं. बू लासमी म्हणजे उजेडाला पाली जमतात ह्या भीतीने दिवा न लावता झोपणाऱ्या बाई. त्यांनी मुलीला सांगून पाहिलं, की माझ्याने हे व्हायचं नाही. रेत्नो म्हणाली, "तीनच महिने, आई. आणि तो काही मागत नाही. फक्त जिवंत रातकिडे."

पहिले काही दिवस बू लासमी तळणीतल्या लांब चिमट्याने, तोंड दुसरीकडे करून, काचेच्या पेटीत रातकिडे सोडायच्या. रातकिडे पक्षीबाजारातून आणावे लागत. तिथे गाणाऱ्या पक्ष्यांसाठी ते पिशव्या भरभरून विकतात. रिक्षातून घरी येईपर्यंत उन्हाने अर्धे मेलेले असायचे. एकदा त्यांनी मेलेल्यांची पिशवी परत नेली आणि विक्रेत्याला म्हणाल्या, मी शिळी कोंबडी घेत नाही, हे का घेऊ. तो म्हणाला, मावशी, पिशवीवर जिवंत असं कुठे लिहिलंय. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पदर खोचावा तसा सारोंग वर खोचला आणि मला म्हणाल्या, "तारी, मी एका रात्रीत चारशे माणसांचं करते. एका सरड्याचं मला करता येत नाही होय?"

अशी त्या घरात रातकिड्यांची पैदास सुरू झाली.

सुरुवातीला नुसतं मरणच मरण. त्यांनी पाणी प्यायला वाटी ठेवली, तर निम्मे त्यात बुडाले. वाटी काढली, तर राहिलेल्यांनी तहानेपोटी एकमेकांना खाल्लं. रेत्नो फोनवरून सांगायची, आई, ओला स्पंज ठेव, आणि बू लासमी म्हणायच्या, वर्षभराची होतीस तेव्हा तुला तरी मी वाटीनेच पाणी पाजलं. पण शेवटी ठेवला स्पंज. मागच्या अंगणात, नवऱ्याची जुनी मोटारसायकल जिथे असायची त्या खोलीत, त्यांनी प्लायवुडचं खोकं ठेवलं. वरच्या कडेला आतून गुळगुळीत चिकटपट्टी लावली, म्हणजे रातकिड्यांचे पाय घसरतात आणि वर चढता येत नाही. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करून ठेवले, कारण रातकिड्यांना फटीत, अंधारात राहायला आवडतं. आणि एका पसरट ताटलीत ओली वाळू. मादीला मागे सुईसारखं लांब टोक असतं. ते वाळूत खुपसून ती अंडी घालते. मग ती ताटली दुसऱ्या खोक्यात उबेला ठेवायची, आठदहा दिवसांनी वाळूवर तिळासारखी पिल्लं वळवळायला लागतात.

पहिल्यांदा तीळ वळवळले तेव्हा बू लासमींनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून नेलं. दोघी वाकून बघत होतो. त्या हळूच म्हणाल्या, "बघ, जागच्या जागी उड्या मारतायत. अजून दिशा कळत नाही."

त्यानंतर त्यांचं घर आणि खोकं ह्यांत फरक राहिला नाही. गाजराची टोकं, पपईचा पाला, केळीच्या खांबाचा गाभा, कोंबडीचं खाद्य दळून केलेली पूड, सगळं वेळच्या वेळी. बीमोला द्यायच्या आधी रातकिडे पिशवीत घालून हाडांसाठीच्या पांढऱ्या पुडीत हलवायचे असतात. बू लासमी ते ईदच्या बिस्किटांना पिठीसाखर लावतात तसं, मनगटाच्या एका झटक्यात करायच्या. बीमोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा रातकिडा द्यायचा नाही, हा रेत्नोचा नियम. त्यामुळे त्या कधीकधी रातकिडा त्याच्या कपाळासमोर धरून, एक डोळा मिटून माप घ्यायच्या. बीमो तोवर डोकं वरखाली हलवायचा. "हो म्हणतोय," त्या म्हणायच्या. नर सरडा दुसऱ्याला धमकावताना डोकं हलवतो, हे रेत्नोने सांगितलं होतं, पण ते त्यांनी ऐकलं नव्हतं असं धरायचं. महिन्याभरात बीमो संध्याकाळी त्यांच्या खांद्यावर बसून टीव्हीवरच्या मालिका बघायला लागला. दिवा न लावता त्या अजूनही झोपायच्या, पण आता बीमोला उजेडाचा त्रास नको म्हणून.

एकच काळजी होती. खाऊची खोकी भरणाऱ्या बाईच्या घरी शेकड्यांनी किडे आहेत हे लोकांना कळलं, तर धंदा बसला. खोली स्वयंपाकघरापासून लांब होती, तिथे जाताना त्या वेगळा सारोंग नेसायच्या, येताना कोपरापर्यंत हात घासायच्या. पण हे कुणाकुणाला सांगत बसणार. आवाज यायचाच. शेजाऱ्यांनी विचारलं की त्या म्हणायच्या, गटार तुंबलंय, तिथून येतोय. नगरपालिकेची माणसं दोनदा गटार उपसून गेली.

आता गल्लीतल्या दुसऱ्या बाईंबद्दल सांगायला हवं. त्या बू हार्तिनी, आमच्या समोर, जरा तिरकं त्यांचं दार. एके काळी त्या आणि बू लासमी एकाच चुलीवर धंदा करायच्या, एकमेकींना तू म्हणायच्या, एकमेकींच्या मुलांना धपाटे घालायच्या. मग भांडण झालं. बू हार्तिनी एका गिऱ्हाइकाला म्हणाल्या, लासमीचा एक लेंपर खाल्ला की पुढच्या जेवणाची काळजी नको. बू लासमींनी त्याचा अर्थ लेंपर जड आहे असा घेतला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगितलं, हार्तिनीचा लेंपर दाढेत अडकला तर सापडायचा नाही. तेव्हापासून दोन चुली झाल्या. आमच्याकडे भांडलेली माणसं ओरडत नाहीत, अदब वाढवतात. दोघी एकमेकींना "आपण" म्हणायला लागल्या. रस्त्यात भेटल्या की एवढ्या वाकायच्या की बघणाऱ्याच्या पाठीत कळ यावी.

लग्नसराईला तोंड लागलं तेव्हाची गोष्ट. बू लासमींनी एके सकाळी मोठं खोकं साफ करायला काढलं. मोठे रातकिडे बादलीत झटकले, पण पुठ्ठ्याच्या ट्रेंच्या खळग्यांत तिळाएवढी पिल्लं चिकटली होती, ती झटकून निघत नाहीत. म्हणून त्यांनी ट्रेंची चळत मागच्या ओट्यावर फडक्याखाली ठेवली आणि त्या नमाजाला गेल्या. तेवढ्यात अंडीवाले पाक जुमादी, म्हणजे जुमादीकाका, आले. अंडी ट्रेमध्ये द्यायची आणि रिकामे ट्रे परत न्यायचे, असा त्यांचा शिरस्ता. बू लासमी कितीतरी दिवस ट्रे परत देत नव्हत्या, त्यामुळे ते आधीच कुरकुरत होते. ओट्यावर चळत दिसली, त्यांना वाटलं, अखेर बाईंना लाज वाटली. त्यांनी फडकं काढलं, चळत सुतळीने बांधली आणि सायकलवर घातली. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. पुढे आम्ही विचारलं तेव्हा म्हणाले, काहीतरी हललं खरं, पण मला हल्ली बरंच काही हलताना दिसतं.

घरी जाऊन त्यांनी त्या ट्रेमध्ये नवी अंडी भरली, आणि दुपारी ती बू हार्तिनींना पोचती केली. लग्नसराईमुळे त्यांच्याकडेही ऑर्डरींची गर्दी होती.

ट्रे शोधत पाक जुमादींकडे गेलो तेव्हा संध्याकाळी बू लासमींना हे कळलं. मी म्हटलं, जाऊन सांगून टाकू. त्या म्हणाल्या, काय सांगू, की आपल्या कोठीत माझे किडे आहेत, धंदा आपला बसला तर माझाही बसवा? कदाचित मेले असतील, असं त्या म्हणाल्या आणि लगेच डोळे पुसले. मेले असतील ह्याचंही त्यांना वाईट वाटत होतं.

मेले नव्हते. बू हार्तिनींची कोठी म्हणजे तांदळाची पोती, पिठाची सांडलवंड, नारळाच्या शेंड्या आणि बाराही महिने ऊब. आम्ही दोन खोकी करून जे कष्टाने जमवत होतो ते तिथे आपोआप होतं. काही आठवडे गेले. मग एका दुपारी, मी पानं पुसत होते, समोरच्या घरातून बारीक, एकसुरी, न थांबणारा आवाज आला. बू लासमींच्या हातातला भात तसाच राहिला.

"मोठे झाले," त्या म्हणाल्या. आवाजात काळजी होती, पण थोडं दुसरंही काही होतं.

बू हार्तिनींनी आधी कोठी झाडली, मग पोती हलवली, मग फवारा आणायचं ठरवलं आणि स्वतःच रद्द केलं, कारण तांदळाजवळ फवारा मारला हे कुणाला कळलं असतं तर. पाऊल वाजलं की रातकिडे गप्प व्हायचे, दार लावलं की पुन्हा सुरू. त्यांची झोप उडाली. मग त्यांनी गल्लीच्या टोकाच्या म्बाह दिरोंना, म्हणजे दिरोआजोबांना, बोलावलं. हे म्हातारे हरवलेली सायकल, न ठरणारं लग्न, पोटात धरणारी कळ, सगळ्यांवर उपाय सांगतात. त्यांनी कोठीत डोळे मिटून बराच वेळ कान दिला आणि सांगितलं, हे साधे किडे नाहीत, हे पाठवलेले आहेत. कुणीतरी जवळचं, ह्याच धंद्यातलं. मग कोपऱ्याकोपऱ्यात मंतरलेलं मीठ ठेवलं आणि जाताना लेंपरची पुडी घेऊन गेले.

म्हातारबांचं म्हणणं तसं अगदी बरोबर होतं, हीच पंचाईत. किडे जवळच्याच, त्याच धंद्यातल्या बाईकडून आले होते.

दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं, की लासमीने करणी केली. तोंडावर कुणी बोललं नाही. पण भाजीवाला, जो आजवर त्यांना डाग लागलेले टोमॅटो द्यायचा, त्याने स्वतःहून निवडून मिरच्या दिल्या आणि वर कोथिंबीर घातली. रॉकेलवाल्याच्या बायकोने रस्ता सोडला. मशिदीतल्या बायकांनी त्यांना पंख्याखालची जागा दिली. बू लासमी आधी चिडल्या, मग गोंधळल्या, आणि मग, मी खोटं कशाला बोलू, त्यांना ते आवडायला लागलं. एकदा भाजीवाल्याने भाव सांगितला तेव्हा त्या नुसतं त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने भाव आपण होऊन खाली आणला. घरी येऊन त्या मला म्हणाल्या, ही युक्ती तरुणपणी कळायला हवी होती.

बू हार्तिनींकडून एक ताट आलं. त्यावर रुमाल, रुमालाखाली रंगीत थरांचा केक, आणि निरोप: आपली प्रकृती कशी आहे, आमच्या हातून काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने सांगावं. बू लासमींनी ताट हातात धरलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. हार्तिनीने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी पाठवलं होतं, आणि ते भिऊन.

केकमध्ये मीठ जास्त झालं होतं. बू हार्तिनींच्या हातून ते कधी होत नाही. मग दोनच दिवसांनी कुराणपठणाच्या बैठकीत एका बाईने खोकं उघडलं आणि आतून काळा, गुबगुबीत रातकिडा बाहेर येऊन तिच्या मांडीवर बसला. बाई किंचाळली नाही, पण तिने खोकं बंद करून शेजारणीला दिलं, हे गल्लीला पुरेसं होतं. एका मोठ्या लग्नाची ऑर्डर दुसऱ्याच दिवशी होती. वधूचे वडील विचारायला येऊन गेले, सगळं ठीक आहे ना. बू हार्तिनी हो म्हणाल्या आणि आत जाऊन रडल्या. हे मला त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईने सांगितलं, आणि मी ते बू लासमींना.

दुपारी गल्ली झोपते त्या वेळी बू लासमींनी चांगला सारोंग नेसला, केस बांधले, बीमोला खांद्यावर घेऊन वरून मोठा रुमाल पांघरला, आणि माझ्या हातात झाकणाची बादली, गाजरं आणि रिकामे ट्रे दिले. आम्ही रस्ता ओलांडून गेलो.

बू हार्तिनींनी दार उघडलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, तरी त्या कमरेत वाकल्या. बू लासमी त्यांच्यापेक्षा जास्त वाकल्या, एका हाताने रुमाल सांभाळत.

"आपल्या विश्रांतीत व्यत्यय आणला, क्षमा असावी."

"छे, आपले पाय आमच्या घराला लागले, आमचं भाग्य."

दोघी आत बसल्या. चहा आला. चहा थंड झाला. शेवटी बू लासमी म्हणाल्या, "आपल्या कोठीतले रातकिडे माझे आहेत."

बू हार्तिनींचा चेहरा दगडासारखा झाला. "म्हणजे आपण पाठवलेत."

"पाठवले नाहीत. गेले."

मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. रेत्नो, सरडा, स्पंज, वाळू, ट्रे, पाक जुमादींचा डोळा. बू हार्तिनी न हलता ऐकत होत्या. मधेच रुमालाखालून बीमोने डोकं बाहेर काढलं आणि घरभर नजर फिरवली.

"आपल्या खांद्यावर काहीतरी आहे," बू हार्तिनी म्हणाल्या.

"हो. हाच तो. बीमो."

"बरं," असं म्हणून बू हार्तिनी उठल्या, सारोंग आवरला आणि शांतपणे पाटावर चढून उभ्या राहिल्या. मग तिथूनच म्हणाल्या, "म्हणजे करणी नाही?"

"करणी कसली. अंड्यांचे ट्रे."

मला वाटलं होतं त्या सुटल्यासारख्या होतील, पण त्या जास्तच खचल्या. गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन त्यांनी करणीचं सांगितलं होतं, दाराला लिंबू बांधलं होतं, बहिणीला जोग्या शहरातून बोलावून घेतलं होतं. आता काय सांगायचं, की सरड्याचा डबा होता? बू लासमी म्हणाल्या, आणि मी काय सांगू, की मी डबा भरते? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींनाही एकाच वेळी कळलं, की ह्यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये.

खरं तर ट्रे, गाजर आणि ओला स्पंज कोपऱ्यात ठेवला असता, तर रात्रीत बहुतेक रातकिडे आपण होऊन त्यात जमले असते. पण पहाटे वाफेवर भात चढवायचा होता, तेवढा वेळ नव्हता. बू लासमींचा सगळा भरवसा बीमोवर होता. त्यांनी त्याला कोठीत सोडलं. पहिला रातकिडा दिसला, बीमोची जीभ लागली, कुरुम. दुसरा, तिसरा. कोठीच्या दारात ओढलेल्या पाटावरून बू हार्तिनी बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आशा दिसली. आठनऊ रातकिडे झाल्यावर बीमोने तोंड पुसल्यासारखं जमिनीला घासलं, भात वाफवायच्या मोठ्या पातेल्याच्या कोमट झाकणावर चढला, पाय पसरले आणि डोळे मिटले.

"झालं?" बू हार्तिनींनी विचारलं.

"सकाळचा नाश्ता जरा जास्त झाला होता," बू लासमी म्हणाल्या.

मग आम्ही तिघी गुडघ्यांवर उतरलो. बू हार्तिनी कशा उतरल्या हे मी बघितलं नाही, पण वर पाहिलं तेव्हा पाट रिकामा होता. एकीने पोतं उचलायचं, दुसरीने ओंजळ मारायची, मी बादलीचं झाकण उघडायचं. बू लासमी शिकवत होत्या, की गातात ते नर, माद्या गप्प. बू हार्तिनींनी विचारलं, मग माद्या कशा सापडणार. नर गातो त्याच्या आसपास बघा, असं उत्तर आलं. थोड्या वेळाने पोत्यामागून आवाज आला, "त्या एवढ्याशा आवाजाला भुलून माद्या तिथे बसतात म्हणता आपण? काय एकेकीची अक्कल." एक रातकिडा बू लासमींच्या बाहीत शिरला आणि बू हार्तिनींनी तो पाठीत चापट मारून अडवला. चापट जरा जोरात बसली.

"हळू मार की," बू लासमी म्हणाल्या.

"हळू मारलं तर सुटेल तो. तुला काय, तुझ्या घरी आणखी शेकडो."

दोघींनी तू म्हटलेलं दोघींच्याही लक्षात आलं नाही. मग सुरू झालं. तू माझ्या लेंपरला जड म्हणालीस. मी जड म्हणाले नाही, पोट भरतं म्हणाले. गिऱ्हाइकाला असं कुणी सांगतं का, तो एकच घेईल. आणि तू काय म्हणालीस, दाढेत अडकला तर सापडणार नाही. मग आहेच लहान. लहान नाही, नाजूक आहे. दोघी नारळाच्या ढिगाच्या दोन बाजूंनी, डोकं खाली आणि बूड वर करून भांडत होत्या, आणि हात मात्र थांबत नव्हते. मी बादली घेऊन मधे. कोठीतले रातकिडे माणसांच्या आवाजाने एव्हाना पार गप्प झाले होते. तिसऱ्या प्रहरच्या अस्रच्या बांगेपर्यंत बादली जड झाली. चारपाच राहिलेच असतील, पण बू हार्तिनी म्हणाल्या, चारपाचांना मी घाबरत नाही. पाठ धरून उठताना त्यांनी बीमोला पहिल्यांदा जवळून पाहिलं.

"ह्याला उठवू नकोस," त्या म्हणाल्या. "झाकण लागेल तेव्हा बघू."

त्या रात्री बू लासमी आणि मी तिथेच थांबलो आणि लग्नाची खोकी भरली. लेंपरचं माप कुठलं ठेवायचं ह्यावर पुन्हा वाजलं. शेवटी यजमानांची ऑर्डर ज्यांना आहे त्यांचंच माप, असं मी म्हटलं, आणि दोघींनीही मला गप्प बसायला सांगितलं. खोक्यांतून दुसऱ्या दिवशी काहीही बाहेर आलं नाही.

गल्लीला सांगितलं गेलं, की म्बाह दिरोंचं मीठ लागू पडलं. करणी लांबून, नदीपलीकडून कुणीतरी केली होती, लासमी बिचारीचा काही संबंध नाही. म्बाह दिरोंचं नाव असं झालं की उंदीर, वाळवी, एवढंच काय, घोरणाऱ्या जावयासाठीही लोक त्यांना न्यायला लागले. म्हातारबा भेटले की बू लासमींना आशीर्वाद द्यायचे, आणि त्या दात आवळून घ्यायच्या. भाजीवाला पुन्हा डाग लागलेल्या टोमॅटोंवर आला. बू लासमींनी त्याच्याकडे नुसतं बघून पाहिलं, पण त्याने वर विचारलं, मावशी, डोळे दुखतायत का.

दोघींनी पुन्हा एकत्र धंदा करून बघितला. चार दिवस टिकला. आता दोन चुली आहेत, पण दुपारी बू हार्तिनी चहा प्यायला येतात, आणि बीमोला खायला घालताना लांबून सूचना करतात.

तीन महिन्यांचे नऊ झाले तेव्हा रेत्नो परत आली. आता तिची नेमणूक समारांगला होती आणि घर स्वतःचं. तिने काचेच्या पेटीत वाकून पाहिलं. बीमोला मांड्या आल्या होत्या. पोट जमिनीला टेकून बाजूंनी बाहेर आलं होतं. ती म्हणाली, आई, मोठ्या सरड्याला रातकिडे अधूनमधून द्यायचे, बाकी पालेभाजी, हे मी दर फोनवर सांगत होते. बू लासमी म्हणाल्या, पालेभाजी दिली होती, तो बघून तोंड फिरवायचा. आणि तू लहानपणी पालक खायचीस का?

रेत्नोने त्याला नेलं. बू लासमींनी प्रवासासाठी भोकांच्या डब्यात रातकिडे दिले, गाडीत त्याला ऊन लागू नये म्हणून खिडकीला टॉवेल लावला, आणि गाडी वळल्यावर घरात जाऊन रिकामी काचेची पेटी पुसत बसल्या. ती पुसायची काही गरज नव्हती, रेत्नो त्याच्यासाठी नवीन घेणार होती. मागची खोकी मोडून टाकू म्हणाल्या, पण रोज गाजराची टोकं तिकडे जातच होती.

आठवड्याने फोन आला. बीमो खात नव्हता. तिकडच्या दुकानातले रातकिडे त्याच्या अंगावरून चालत गेले तरी तो बघत नव्हता, पालकाला तर दाढी काळी करून दाखवायचा. बू लासमींनी मुलीला सांगितलं, भूक लागली की खाईल, तुझंही मी असंच केलं. फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, उद्याची पानं तू एकटी पुस, मी समारांगला जाऊन येते.

बसस्टँडवर बू हार्तिनी आधीच उभ्या होत्या, नवा रुमाल बांधून, हातात केकचं खोकं. कुणी बोलावलं होतं कोण जाणे. दोघी शेजारी बसल्या, बू लासमींच्या मांडीवर भोकांचा डबा. डब्यातले नर वाटभर गात होते. कंडक्टरने दोनदा बस थांबवून इंजिन बघितलं. दोन्ही वेळा ह्या दोघी खिडकीबाहेर बघत राहिल्या, असं बू हार्तिनींनी मला परत आल्यावर सांगितलं, आणि खिडकीची जागा लासमीने जातायेता दोन्ही वेळा घेतली, हेही सांगितलं.

बीमोने बू लासमींच्या हातून एका दमात बारा रातकिडे खाल्ले. रेत्नो कपाळाला हात लावून बघत होती. मग बू हार्तिनींना राहवलं नाही. त्यांनी चिमटा न घेता, दोन बोटांत एक रातकिडा धरून पुढे केला, आणि बीमोने रातकिड्याबरोबर बोटाचं टोकही घेतलं. जखम काही मोठी नव्हती. पण पट्टी त्यांनी पंधरा दिवस ठेवली, आणि कुणी विचारलं की सांगायच्या, भाजताना चटका बसला.